शिवणाचा तास : नगरच्या मुलींच्या शाळेतील सुईकामाची वाटचाल

नगरमधल्या मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण पहिली शाळा, पहिल्या शिक्षिका, इमारती, परीक्षांचे निकाल यांची नोंद काळजीने करतो. वेळापत्रकातल्या शिवणाच्या तासाच्या वाट्याला मात्र एखादे वाक्य येते. मी हस्तव्यवसायाची शिक्षिका. माझी सगळी नोकरी या तासावर झाली. स्मरणिकेसाठी अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळेविषयी लिहायचे ठरले तेव्हा तो इतिहास सुईच्या बाजूने लिहावा असे मला वाटले. या तासाने मुलींना काय दिले आणि काय द्यायचे राहून गेले, हे नीट पाहिले तर शाळेचा इतिहासही जास्त स्पष्ट दिसतो.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा काढली आणि डिसेंबर १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. नगरच्या मुलींच्या शाळांना आकार दिला तो सिंथिया फरार यांनी. त्यांचा जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावचा. मिशनची मातृसंस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाने परदेशात मिशनकार्यासाठी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ही एक. डिसेंबर १८२७ मध्ये त्या मुंबईत उतरल्या, मुलींच्या शाळांची देखरेख हेच त्यांचे काम होते. १८३७ मध्ये प्रकृतीमुळे मायदेशी गेल्या, १८३९ मध्ये परत आल्या त्या नगरला, आणि २५ जानेवारी १८६२ रोजी नगरलाच वारल्या. बावीस-तेवीस वर्षे एका बाईने एका गावात मुलींच्या शिक्षणासाठी दिली. आज आपण ज्याला सहज शाळा म्हणतो तिच्यासाठी त्या काळी घरोघरच्या वडीलधाऱ्यांची मने वळवावी लागत.

वाचन, लेखन, अंकगणित आणि शिवण असा त्या काळच्या मिशनच्या मुलींच्या शाळांचा साधारण अभ्यासक्रम. फरारबाई ज्या न्यू इंग्लंडच्या मुलखातून आल्या तिथे लहान मुलगी सुईनेच अक्षरे गिरवी. तागाच्या कापडाच्या तुकड्यावर फुलीच्या टाक्याने मुळाक्षरे, आकडे, चौफेर वेलबुट्टी आणि शेवटी स्वतःचे नाव आणि वय. याला सँपलर म्हणत. अक्षरओळख आणि सुई एकाच कापडावर शिकलेल्या बाईला शाळेत दोन्ही हवे वाटणे साहजिक होते.

नगरला मात्र त्या शिवणाचा अर्थ थोडा वेगळा होत होता. आपल्याकडे अंगावरची मुख्य वस्त्रे न शिवलेली, लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे. नगर, भिंगार आणि संगमनेर इथे लुगडी आणि पागोटी विणणारे विणकर होते. माग हे त्यांच्या घरादाराचे काम. शिवणे हा धंदा शिंपी समाजाचा, आणि दुकानात मांडी घालून बसणारे हात पुरुषांचे. बायका घरी शिवत त्या चोळ्या, लेकरांच्या कुंच्या, अंगडी-टोपडी आणि गोधड्या. खणाची चोळी कापड वाया न घालवता बेतता येणे ही मोठी जाणती गोष्ट होती आणि ती सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे जाई. म्हणजे शाळेत आलेली नगरची मुलगी सुईला अगदीच अनोळखी नव्हती. शाळेने तिला सुई नव्हे, सुई धरण्याची एक वेगळी शिस्त दिली: कापड मोजून कापणे, टाक्याची लांबी सारखी ठेवणे, शिवण उलट्या बाजूनेही स्वच्छ असणे, आणि केलेले काम चार माणसांत तपासायला ठेवणे. शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. घरात बाईच्या टाक्याला नावाजले तरी ते घरातच राही. शाळेत मुलीचे काम पाहुण्यांपुढे मांडले जाऊ लागले.

शिवणामुळे पालकांचा विरोध थोडा मऊ झाला हेही खरे. लेकीने वाचायला शिकण्याबद्दल ज्यांना धास्ती होती त्यांनाही चार टाके शिकण्यात गैर दिसत नव्हते. पण याच सोयीतून पुढे एक अडचण तयार झाली. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा शाळा निघाली आणि मुलींनी काय शिकावे यावर वर्तमानपत्रांतून वाद पेटला, तेव्हा घरकाम आणि शिवणटिपण एवढे मुलींना पुरे आहे असे म्हणणारा पक्ष जोरात होता. जी सुई मुलीला शाळेपर्यंत घेऊन आली होती तिचाच आधार घेऊन तिला इंग्रजी, गणित नाकारण्याचा प्रयत्न झाला. मिशनच्या शाळांत तर इंग्रजीचा प्रश्न त्याआधीच आला होता. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन इकडे आले आणि त्यानंतर शाळांतून इंग्रजीला कात्री लागून देशी भाषेतल्या शिक्षणावर भर आला. मराठीचा त्यात फायदा झाला, पण पुढे जाऊ पाहणाऱ्यांची वाट अरुंद झाली.

फरारबाईंच्या शाळेची खरी थोरवी तिच्या भिंतींबाहेर दिसते. जोतिराव फुले आपल्या मित्राबरोबर नगरला आले, त्यांनी या शाळा पाहिल्या, आणि पुण्यात मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना इथून मिळाली. हे त्यांनी स्वतः सांगितलेले असून १८५३ च्या 'ज्ञानोदया'त ते छापून आले. ते 'ज्ञानोदय' पत्रही १८४२ साली नगरलाच सुरू झाले होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात त्यांची मुलींची शाळा भरली. तिच्याविषयी वाचताना आपण नगरकरांनी मान थोडी ताठ करावी.

फरारबाई गेल्या त्या १८६२ सालाशी सुईकामाच्या इतिहासातल्या आणखी दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. त्याच वर्षी इंग्लंडातल्या शिक्षणाच्या सुधारित नियमांनी सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांत मुलींना शिवणकाम सक्तीचे केले. पुढे आपल्याकडच्या मुलींच्या शाळांतही शिवण हा अनुदानाच्या तपासणीचा विषय झाला. तपासनीस यायचा, हेम किती बारीक, टीप किती सरळ, काजे किती घट्ट हे पाहायचा. आणि त्याच वर्षी, मार्चमध्ये, लंडनजवळ मे मॉरिस जन्मली.

मे मॉरिसबद्दल इथे सविस्तर लिहिते, कारण आमच्या तासाला जे मिळायला हवे होते ते तिच्या आणि तिच्या पिढीच्या बायकांच्या कामात आहे. तिचे वडील विल्यम मॉरिस हे कवी आणि नक्षीकार. यंत्राने काढलेल्या नीरस वस्तूंऐवजी हाताच्या कारागिरीला मान मिळावा म्हणून इंग्लंडात जी कला-कारागिरीची चळवळ उभी राहिली तिचे ते मोठे नाव. त्या वेळी तिकडे बायकांच्या भरतकामात बर्लिन वुलवर्कचे राज्य होते. चौकोनी कागदावर रंगवलेला छापील तक्ता विकत आणायचा, चौकोन मोजायचे, जाळीच्या कापडावर त्या त्या रंगाची लोकर फुलीच्या टाक्याने भरायची. कुत्री, गुलाब, राजवाडे सगळे छापून आलेले. बाईने विचार करायचा तो फक्त मोजणीचा. मॉरिस यांनी जुनी भरतकामे उसवून ती कशी भरली होती ते शोधले, पत्नी जेन आणि मेहुणी बेसी यांच्याबरोबर जुने टाके नव्याने शिकून घेतले. मे त्याच घरात वाढली. १८८५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिने वडिलांच्या कंपनीचा भरतकाम विभाग हाती घेतला. नक्षी ती काढी, रंग ती ठरवी, टाके ती घाली आणि दुसऱ्या बायकांना शिकवी. १८९३ मध्ये तिचे सुईकामावरचे पुस्तक निघाले. तिने १८८३ मध्ये काढलेली मधुमालतीच्या जातीच्या वेलीची भिंतकागदाची नक्षी मात्र कित्येक वर्षे वडिलांच्याच नावाने ओळखली जात होती. त्या चळवळीतल्या पुरुषांच्या कलाकार संघात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून १९०७ मध्ये तिने आणि तिच्या सहकारी बायकांनी स्वतःचा संघ काढला. एवढ्या उदार विचारांच्या मंडळींतही हा दुजाभाव होता, हे विसरता कामा नये.

त्याच काळात लंडनला १८७२ मध्ये रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क निघाले. गरजू पण प्रतिष्ठित घरच्या बायकांना मिळकत व्हावी हा हेतू. तिथे सुरुवातीला नक्षी पुरवणारे मॉरिस, बर्न-जोन्स, वॉल्टर क्रेन असे नामवंत पुरुष आणि भरणाऱ्या बायका, अशी विभागणी होती. काम उत्तम होई, पण नक्षी काढणारा एक आणि टाका घालणारी दुसरी ही रीत तिथेही कायम राहिली. आपल्या शाळांतही हेच झाले असे मला वाटते.

ही रीत मोडली ती ग्लासगोमध्ये. तिथल्या कलाशाळेत १८९४ मध्ये जेसी न्यूबेरी यांनी भरतकामाचा वर्ग सुरू केला. या बाई पेस्ली गावच्या, शाली विणवणाऱ्या कारखानदाराची लेक. काश्मिरी शालींची नक्कल करून ज्या गावाने नाव कमावले, ज्या गावाच्या नावाने आपली कोयरी जगभर ओळखली जाते, तेच हे पेस्ली. न्यूबेरीबाईंचा दंडक असा की विद्यार्थिनीने स्वतःची नक्षी स्वतः काढायची. भारी रेशीम नको. जाडेभरडे तागाचे कापड, लोकर, कापडाचे तुकडे चालतील, पण नक्षी हिची हवी. त्यांच्या विद्यार्थिनी अ‍ॅन मॅकबेथ यांनी मार्गारेट स्वान्सन या शिक्षिकेबरोबर १९११ मध्ये शालेय सुईकामावर एक पुस्तक लिहिले, आणि ते शिवणाच्या प्रत्येक शिक्षिकेने समजून घ्यावे असे आहे. तोवर शाळेत सहा-सात वर्षांच्या पोरींना पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने बारीक टाके घालायला लावत; डोळे दुखत, बोटे सुजत. या दोघींनी क्रम उलटा केला. लहान मुलीला भरड कापड द्या, जाड रंगीत दोरा द्या, मोठे टाके घालू द्या. जसजशी तिची बोटे तयार होतील तसतसे काम बारीक करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, शोभा वरून चिकटवू नका. कापड जोडणारा जो टाका आहे त्यातूनच नक्षी निघू द्या. शनिवारी शिक्षिकांसाठी वर्ग भरत आणि ही पद्धत गावोगावच्या शाळांत पोचे.

या पद्धतीविषयी वाचताना मला आपली गोधडी आठवते. जुनी लुगडी एकावर एक पसरून, कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे यायचे. जो टाका थर एकत्र धरतो तोच नक्षी होतो. दोऱ्याचा रंग कुठे बदलायचा, ठिगळ कुठे आणि कोणत्या आकाराचे लावायचे, ओळी किती जवळ घ्यायच्या हे शिवणारी ठरवते. तिच्यापुढे तक्ता नसतो. ग्लासगोत नावाजलेले तत्त्व नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक वाडीवर उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर चाललेले होते. आमच्या शिवणाच्या तासाला ते दिसले नाही. शाळेच्या दृष्टीने गोधडी म्हणजे घरातले काम, आणि शिकण्यासारखे काम म्हणजे रुमालावरचे विलायती गुलाब.

हे मी केवळ मिशनला उद्देशून म्हणत नाही. सरकारी, मिशनच्या, स्थानिक संस्थांच्या, सगळ्याच मुलींच्या शाळांत हे झाले. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा होतात. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीवरून मुंबई इलाख्यात या सरकारी परीक्षांची परंपरा आली. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र यांच्या जोडीला संकल्पचित्र असते. दिलेल्या चौकटीत मुलीने स्वतः आकार मांडायचे, त्यांची पुनरावृत्ती साधायची, रंगसंगती ठरवायची. म्हणजे नक्षी काढणे शाळेत शिकवले जात होते! पण ते चित्रकलेच्या सरांच्या तासाला, कागदावर. शिवणाच्या तासाला तीच मुलगी बाजारातून आणलेले छापील डिझाइन घेई, ट्रेसिंग कागदावर उतरवी, सुईने टोचून खाका तयार करी, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने कापडावर छापी आणि मग साखळी टाका, दांडी टाका, गाठीचा टाका, लेझी डेझी असे ठरलेल्या जागी ठरलेले टाके भरी. एकाच मुलीची दोन वह्यांतली ही दोन कामे कधी एकमेकांना भेटली नाहीत. मी शिक्षिका असताना संकल्पचित्राचाच नमुना रुमालावर भरायला सांगू लागले तेव्हा मुलींच्या चेहऱ्यावर जो उत्साह आला तो छापील गुलाबांनी कधी आणला नव्हता. कोणी कढीपत्त्याची डहाळी आणली, कोणी बैलाच्या झुलीवरची किनार, एकीने ज्वारीचे कणीस. त्या कणसाचे दाणे गाठीच्या टाक्याने भरलेले होते, आणि तो टाका तिथे का हवा हे तिला कोणी सांगितले नव्हते.

इंग्लंडच्या त्या चळवळीला आपल्या मुलखाचेही देणे आहे, ते इथे नोंदवते. सर जॉर्ज बर्डवुड १८३२ मध्ये बेळगावला जन्मले, मुंबईत डॉक्टर म्हणून राहिले, आज ज्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांचे भारतीय कारागिरीवरचे १८८० चे पुस्तक मॉरिस यांच्या वर्तुळात आदराने वाचले जाई. थॉमस वॉर्डल हे रेशीम रंगवणारे गृहस्थ भारतीय टसरमागे लागले होते. आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या जंगलांतही टसरचे कोसे होतात, त्याच जातीचे ते रेशीम. त्यांची पत्नी एलिझाबेथ वॉर्डल हिने लीक गावात १८७९ मध्ये भरतकाम करणाऱ्या बायकांची मंडळी काढली. छापलेल्या भारतीय टसरवर रेशमी आणि सोनेरी दोऱ्याने त्या भरत. अजिंठ्याच्या चित्रांतल्या नक्षीवर बेतलेले नमुनेही त्यांनी केले. या लीकच्या बायकांनी १८८५-८६ मध्ये बायोच्या प्रसिद्ध मध्ययुगीन कापडी पटाची पूर्ण लांबीची नक्कल भरली. पस्तीसहून अधिक बायका, आणि प्रत्येकीने आपण भरलेल्या भागाखाली आपले नाव टाक्यांनी लिहिले. तो पट आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे आणि ती नावे वाचता येतात.

मिळकतीचा प्रश्न नगरला तीव्रपणे आला तो १८९९-१९०० च्या दुष्काळात. नगर जिल्हा अवर्षणाचा. पण त्या वर्षाने घरे रिकामी केली. त्याच सुमारास प्लेग. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त त्या काळचे नगर दिसते. अनाथ मुले-मुली मिशनच्या आसऱ्याला आली आणि त्यांना जगण्यापुरते कसब देणे ही निकड झाली. मुलांसाठी सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा होती; सुतारकाम, धातुकाम चाले. डी. सी. चर्चिल यांनी नगरला राहून हातमागात सुधारणा केल्या आणि त्यांच्या मागाचे नाव देशभर झाले. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये हजारोंनी आलेल्या बायका-मुलींना विणकाम, शिवण, भरतकाम, छापखाना असे उद्योग दिले गेले. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन उभे केले, तिथेही शिवण-भरतकामाचे वर्ग आले. दुष्काळाने एक गोष्ट स्पष्ट केली: रुखवतात मांडायचे काम आणि पोट भरायचे काम यांत फरक आहे. पोट भरायचे तर शिवणयंत्र हवे, बेतणे यायला हवे, गिऱ्हाईक हवे. पुढच्या दशकांत यंत्रावरचे शिवणवर्ग वाढले आणि हातभरतकाम मागे सरले ते यामुळे. ज्या बायकांनी त्या यंत्रावर घरे चालवली, मुले शिकवली, त्यांच्यापुढे मी नक्षीची तक्रार मांडणार नाही.

तरीही हाताच्या भरतकामाची रास्त किंमत बाईला मिळू शकते, याचे एक उदाहरण फरारबाईंच्याच मुलखातले आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या डिअरफील्ड गावात १८९६ मध्ये मार्गारेट व्हायटिंग आणि एलन मिलर या दोघींनी बायकांची भरतकाम मंडळी काढली. गावातल्या जुन्या पेट्यांमधून आजी-पणजींची कामे बाहेर काढली, त्यांच्या नक्षी उतरवून घेतल्या, तागाचे दोरे निळीत रंगवले आणि नव्याने भरायला सुरुवात केली. विकलेल्या कामाच्या किमतीचा अर्धा वाटा टाके घालणारीला आणि नक्षी काढणारीला वेगळा वाटा असा त्यांचा हिशेब होता. कामावर मंडळीची खूण भरलेली असे. त्यांनी विलायतेहून तक्ते मागवले नाहीत. आपल्याच गावच्या पेट्या उघडल्या.

आपल्या जिल्ह्यात उघडायला काय आहे? पाथर्डी तालुक्यातल्या तांड्यांवर जा. बंजारा बायकांच्या फेटियावर (घागऱ्यावर), कांचळीवर (चोळीवर) जे भरतकाम आहे त्याला खाका नसतो. आरसे, कवड्या, जाड सुती दोरा, आणि मोजून घातलेले टाके. चौकट कुठे मोडायची, लालावर पिवळे किती घ्यायचे हे बाई कापड मांडीवर घेऊन ठरवते. इथे नक्षी आणि टाका वेगळे झालेलेच नाहीत. ऊसतोडणीला सहा सहा महिने बाहेर राहणाऱ्या बाईला आता हे काम करायला वेळ उरत नाही, आणि लेकी साडी नेसतात. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, बायकांच्या संस्थेने ते बाजारापर्यंत नेले. बेळगाव-धारवाडकडच्या कशिद्यालाही तो मान मिळाला. तो कशिदा तर गाठ न मारता, दोन्ही बाजू सारख्या दिसतील असा, धागे मोजून भरतात. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन सगळे मोजणीतून उभे राहते. आपल्या तांड्यावरच्या बाईचे काम त्या तोडीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला आपल्या शाळेत शिकवायला बोलवावे, शिकायला नव्हे.

शाळा आता बदलली आहे. मिशनच्या परंपरेतली मुलींची शाळा आज क्लेरा ब्रूस यांच्या नावाने ओळखली जाते. शिवणाचा तास हस्तव्यवसाय झाला, मग कार्यानुभव झाला. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी मूलोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली तेव्हा हस्तकला अभ्यासाच्या मध्यभागी येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात ती आठवड्याच्या कडेला राहिली. मुलगेही आता टाका घालायला शिकतात, ही मात्र खरोखर चांगली गोष्ट झाली. माझ्यानंतरच्या शिक्षिकांना एवढेच सांगणे आहे की चित्रकलेच्या वहीतले संकल्पचित्र आणि शिवणाचे कापड एका तासाला एकत्र आणा. त्याला जास्तीचा पैसा लागत नाही. मांजरपाटाचा हातभर तुकडा आणि दोऱ्याच्या दोन लडी पुरतात.

आणि वाचकांना एक विनंती. या शाळेत शिकलेल्या बायकांची मुले, नातवंडे, पणतवंडे आज जिल्हाभर आणि जगभर आहेत. तुमच्या घरात आजीने भरलेला रुमाल, चौकटीत लावलेले 'सुस्वागतम्', फुलीच्या टाक्याची मुळाक्षरे, कुंची, चोळी, गोधडी, फेटिया यांतले काही असेल तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा. धुऊ नका, इस्त्री करू नका. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा, डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका. सुती पट्टीच्या तुकड्यावर शिवणारीचे नाव, माहेरचे आणि सासरचे गाव, शाळेचे वर्ष आणि नक्षी तिने स्वतः काढली की छापून घेतली हे लिहा, आणि ती पट्टी कापडाच्या मागे दोन सैल टाक्यांनी जोडा. मग ते कापड, किंवा निदान त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो, शाळेकडे पाठवा. संख्या पुरेशी झाली की नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन मांडावे असा माझा शाळेकडे आग्रह आहे. नाव लिहिल्याशिवाय मात्र पाठवू नका.